वाचनालयाचा जिना कापला कुणी?

एक

सकाळी मॉडेलच्या खोलीचं दार उघडलं आणि ताई दारातच थबकली. वाचनालयाला जिना नव्हता.

खरं वाचनालय दोन गल्ल्या पलीकडे जिन्यासकट जागच्या जागी उभं होतं. इथे होतं ते त्याचं लाकडाचं मॉडेल, ओट्यावर मावेल एवढं. आर्किटेक्टच्या या ऑफिसात आजवर बांधलेल्या प्रत्येक मोठ्या इमारतीचं असं मॉडेल होतं. शाळा, बँक, बाजारपेठेचं संकुल, बस स्टँड, सगळी या एका खोलीत ओळीने मांडलेली. परगावचा माणूस आला की त्याला आधी या खोलीत आणायचे आणि मग चहा विचारायचे.

ताई पुढे सरकली. बाजार संकुलाचा पहिल्या मजल्याचा सज्जा गायब होता. बस स्टँडचं छतही उडालं होतं. बाकीच्या मॉडेलांना कुणी बोट लावलेलं नव्हतं. कुठे पसारा नाही, भुसा नाही. पातळ पात्याने, सावकाश, हात न थरथरता कापलेलं काम होतं.

उद्या दुपारी निवड समिती येणार होती. शहराच्या नव्या रुग्णालयासाठी शेवटच्या दोन ऑफिसांत यांचं नाव होतं, आणि समितीला याच खोलीत बसून जुनी कामं बघायची होती.

तिने थोरल्या भावाला बोलावलं. सगळं ऑफिस त्याला साहेब म्हणायचं. साहेबांनी तिन्ही मॉडेलांवरून नजर फिरवली आणि घड्याळ बघितलं.

"आरडाओरडा नको," ते म्हणाले. "नवे तुकडे संध्याकाळपर्यंत मशीनवर करून घेतो. आज जशा इमारती आहेत तसे. झालं, विषय संपला."

"अरे दादा, पण केलं कुणी?"

"आता कुणाकुणावर संशय घ्यायचा?" साहेब म्हणाले आणि गप्प झाले.

त्या गप्प बसण्याचा अर्थ मागे उभ्या असलेल्या फोटोवाल्याने आपल्या परीने लावला. तो समितीसाठी इमारतींच्या फोटोंची पुस्तिका करत होता आणि गेला आठवडा इथेच मुक्काम ठोकून होता. "असं कापणारा हात या ऑफिसात एकच आहे," तो म्हणाला. "आणि त्याचा आज इथला शेवटचा दिवस आहे."

नेमका त्याच वेळी कातर आत आला. मॉडेल करणारा म्हणून त्याला सगळे कातर म्हणायचे. त्याच्या डोक्यावर ओला रुमाल होता आणि हातात निरोपाला आणलेला मिठाईचा पुडा.

ताई बाहेर गेली आणि तिने आत्याला फोन लावला.

दोन

आत्यांची सारी नोकरी विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून गेली. आग लागली, भिंत खचली, छप्पर उडालं की आधी आत्या जायच्या आणि मालक खरं बोलतोय की नाही ते भिंतीलाच विचारायच्या. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नव्हती. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी पाणी पिता पिता पाहुणचार करणाऱ्याच्या भिंतीवरच्या ओलीकडे बघत बसायच्या.

"आत्या, तू कशाला उन्हातून आलीस?" साहेबांनी विचारलं.

"तुझी बहीण रडवेली झाली म्हणून. शिवाय घरी बसून करायचं काय? सुनेच्या हातातली कामं काढून घेतली की तिला राग येतो."

त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक मॉडेल बघितलं. जिना कापून नेला होता, पण तो जिथे चिकटवला होता तिथे सरसाचा डाग राहिला होता. सज्ज्याचाही राहिला होता. छताच्या खांबांची तर बारीक भोकंच उरली होती. आत्यांनी पातळ कागद मागवला, प्रत्येक डागावर ठेवला आणि वरून पेन्सिल घासली. डागाचा आकार कागदावर उठला.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"माहीत नाही. पण चोर जे मागे ठेवून जातो ते मी आधी उचलते. नेलं काय ते मग बघू."

मग त्या कातरसमोर स्टूल ओढून बसल्या. मिठाईचा पुडा कुणी उघडलेला नव्हता.

"बोला आत्याबाई," कातर म्हणाला. "तुम्हीच मला या ऑफिसात आणलंत. आता तुम्हीच हातकड्या घाला."

"नाटकं पुरे. तू कापलंस?"

"मी कापेन कशाला? माझा सरस आहे तो. वाफ दिली की आपोआप सुटतो. मला काढायचं असतं तर किटलीच्या वाफेवर धरून अलगद काढलं असतं, लाकडाला ओरखडा न येता. हे ज्याने केलंय त्याला कापता येतं, पण चिकटवलं कसं ते माहीत नाही."

"हे तू म्हणतोस."

"मीच म्हणणार. दुसरं कोण म्हणतंय?" त्याने रुमाल पुन्हा ओला करून डोक्यावर ठेवला. "आधीच त्या बस स्टँडवर उभं राहून टाळू भाजून निघालीय. शेवटच्या बाकावर सावलीचा पत्ता नाही, आणि रांग रोज नेमकी तिथपर्यंत. वर इथे आलो तर हे."

"सोमवारपासून कॉलेजात शिकवायला जाणार ना?"

कातरने न उघडलेला पुडा बाजूला सारला. "जाणार होतो. कॉलेजच्या मुख्य बाई उद्या समितीत आहेत. फोटोवाल्याच्या तोंडाला कुलूप नाही, उद्या चहाबरोबर ही गोष्ट त्यांच्या कानावर जाईल. पोरांच्या हातात कटर देणारा माणूसच असा, म्हटल्यावर कोण घेईल मला? साहेब म्हणतात विषय संपला. त्यांचा संपला असेल. माझा आता सुरू झालाय."

आत्यांनी पुडा उघडून एक तुकडा तोंडात टाकला. ऑफिसातल्या दोघी-तिघी ते बघत होत्या. आत्यांना तेच हवं होतं.

तीन

फोटोवाला पुस्तिकेची पानं पसरून बसला होता.

"मी आपलं जे दिसलं ते बोललो, आत्या. मला काय त्याचं सोयरसुतक?"

"तुला कापता येतं का?"

"मला? मला लिफाफा धड फाडता येत नाही." त्याने अंगठा दाखवला. त्याला पट्टी होती, तीही तिरकी लावलेली.

आत्यांनी पानं चाळली. वाचनालयाच्या जिन्यावर पुस्तकं घेऊन बसलेली माणसं. बाजारातल्या सज्ज्यावर कोपर टेकून खालची वर्दळ बघणारी एक म्हातारी. बस स्टँडच्या पानावर नुसते पाय, पिशव्या आणि बाकावर झोपलेला एक हमाल.

"स्टँडचं छत कुठाय?"

"नाही घेतलं. त्यात घेण्यासारखं आहे काय? मला माणसं दिसली, मी माणसं घेतली. मजकूर साहेब स्वतः लिहितायत. तो अजून आलेला नाही."

आत्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब खिडकीशी उभे राहून उद्याचं भाषण पाठ करत होते.

"वाचून दाखव की मला," आत्या म्हणाल्या. "लहानपणी गॅदरिंगचं भाषण तू माझ्यासमोरच पाठ करायचास."

साहेब हसले. त्यांचा आवाज चांगला होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. "आमच्या इमारतीत माणूस आधी येतो. वाचनालयाचा जिना आम्ही पहिल्या रेघेपासून रुंद ठेवला, लोकांनी बसावं म्हणून. बाजाराचा सज्जा बाहेर काढला, लोकांनी रस्ता बघावा म्हणून. बस स्टँडच्या छताला शेवटी असं वळण दिलं की तिरपं ऊन कुठल्याच बाकावर येऊ नये…"

"छान आहे," आत्या म्हणाल्या. "आणि मॉडेल कोणी तोडलं असेल, राजा?"

साहेबांनी कागदाची घडी केली. "आत्या, कातर वाईट माणूस नाही. निरोपाच्या दिवशी माणसाचं मन ठिकाणावर नसतं. मी त्याला काही म्हणणार नाही. तूही सोडून दे."

म्हणजे न म्हणता म्हणून झालं, असं आत्यांच्या मनात आलं. त्यांनी पर्समध्ये पेन्सिलने घासलेले तीन कागद ठेवले आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" ताईने विचारलं.

"इमारती बघायला. लाकडाच्या बघून झाल्या."

चार

वाचनालयाच्या पायरीवर आत्यांना पाय ठेवायलाच जागा सापडेना. दोन कॉलेजातल्या मुली मध्येच बसून उजळणी करत होत्या. एक आजोबा पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. जिना ऐसपैस होता. रस्त्यावरून वर जाऊन तो भिंतीच्या कडेने वळत होता आणि वळणावर खोलीएवढा चौथरा होता.

आत्यांनी पर्समधून कागद काढला. त्यावर सरसाचा डाग लांबट आणि अरुंद होता, रस्त्यापासून थेट दारापर्यंत सरळ. मॉडेलमधला जिना शिडीसारखा होता. त्यावर बसायला गेलं असतं तर मागच्याने पाठीत गुडघा घातला असता.

"अस्सं," आत्या स्वतःशीच म्हणाल्या. पेपरखालच्या आजोबांनी हुंकार दिला.

बाजार संकुलातही तेच. कागदावर सज्ज्याचा डाग आतल्या बाजूला होता, दुकानांच्या पाठीमागे, बोळासारखा. खरा सज्जा बाहेर रस्त्यावर आलेला होता. म्हणजे आधी एक ठरलं, आणि बांधताना दुसरंच झालं. मॉडेल बांधकामाच्या आधी होतं. त्यात आधी ठरलेलं तसंच राहिलं होतं.

हे बदल केले कुणी? सज्ज्याखाली चहाची टपरी होती. इमारत उभी राहत होती तेव्हापासून टपरीवाला तिथेच होता.

"ताईंनी," तो म्हणाला. "दुसरं कोण? ऊन म्हणू नका, धूळ म्हणू नका, टोपी घालून उभ्या असायच्या. ठेकेदाराशी एकदा अशा भांडल्या, माझी अर्धी गिऱ्हाइकं चहा टाकून ते बघायला गेली. म्हणायच्या, बाया खरेदी करून थकतात, त्यांना हवा लागू दे, सज्जा बाहेर काढा. मग ऑफिसातून नवा नकाशा आणला सही करून."

"आणि साहेब?"

"ते होय? उद्घाटनाला आले होते. फीत कापली. हात छान आहे त्यांचा."

आत्यांचा चहा तोंडाशीच थांबला. दोन्ही बदल ताईचे होते. भाषणात ते साहेबांचे झाले होते. मग आपल्या कामाचं श्रेय भाऊ घेतोय हे बघून रागाच्या भरात कापलं असेल कुणी, तर ते त्यांच्या डोळ्यासमोर वाढलेली, फोनवर रडवेली झालेली त्यांची भाचीच असू शकत होती.

पाच

आत्यांनी ताईला टपरीवरच बोलावून घेतलं.

"तुझा जिना, तुझा सज्जा. हे मला आधी का नाही सांगितलंस?"

ताईने कपबशी खाली ठेवली. "काय सांगू? ऑफिसचं काम ऑफिसचं असतं. दादा बोलतो, मी बांधते. मी बोलायला उभी राहिले की मला घाम फुटतो, तुला माहितीय."

"दादाचं उद्याचं भाषण वाचलंस?"

"मला अजून दाखवलेलं नाही." तिचे कान लाल झाले. "आत्या, तुला वाटतंय मी कापलं?"

"मला अजून काहीच वाटत नाही. स्टँडवर चल."

बस स्टँड शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. दोघी पोचल्या तेव्हा दुपार कलली होती आणि रांग शेवटच्या बाकापर्यंत गेली होती. छत पट्टीने मारल्यासारखं सरळ होतं. शेवटच्या बाकावरच्या बायका पदर डोक्यावर घेऊन, डोळे बारीक करून बसल्या होत्या.

आत्यांनी तिसरा कागद उघडला. त्यावर खांबांची भोकं एका सरळ रेषेत होती. समोर खांबही एका सरळ रेषेतच होते.

त्यांनी कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. मॉडेल आणि इमारत इथे तंतोतंत जुळत होती.

"इथे काहीच बदललं नाही?" त्यांनी विचारलं.

"बदलायचं होतं," ताई म्हणाली. "छताला शेवटी वळण द्यायचं म्हणून मी दादाकडून नवा नकाशा करून आणला होता. त्याने सहीही केली. पण इथला अधिकारी अडून बसला. म्हणे बस वळताना छत आडवं येईल. मी खूप भांडले, हरले. जुन्या नकाशाप्रमाणेच बांधलं. हे बाक बघितले की अजून वाईट वाटतं."

"दादाला सांगितलंस?"

"त्याच दिवशी. म्हटलं, छताचं जमलं नाही. तो फोनवर होता, मान हलवली. मग नंतर तो लोकांना त्या वळणाचं सांगायला लागला. चारचौघांत कसं टोकू?"

आत्या बाकावर बसल्या. ऊन सरळ चष्म्यावर येत होतं, तरी त्या हलल्या नाहीत.

"आमच्या धंद्यात एक बघायचे आम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "मालकाने स्वतःच आग लावली असली तर तो एखादी वस्तू उगाच जाळतो. ती जळायची गरजच नसते. ती का जाळली ते कळलं की माणूस कळतो. चल, तुझ्या भावाला इथे बोलवू या."

"आत्ता? तो यायचा नाही."

"सांग, आत्याला चक्कर आलीय."

सहा

साहेब धावतपळत आले. आत्या बाकावर व्यवस्थित बसलेल्या बघून त्यांचा चेहरा उतरला, मग चिडला.

"हे काय आत्या? उद्या समिती आहे!"

"ऊन लागतंय रे मला. तुझ्या छताच्या वळणाखाली घेऊन चल. तिथे कुठल्याच बाकावर ऊन येत नाही ना?"

साहेब वळले. त्यांनी एका टोकाला बघितलं, मग दुसऱ्या. पिशव्यांना ठेचकाळत ते रांगेच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले, छत संपतं तिथे उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. एका बाईने त्यांना सांगितलं की रांग मागून आहे.

ते परत आले तेव्हा त्यांच्या चालण्यातला साहेब गळून पडला होता.

"बस," आत्या म्हणाल्या आणि सरकून जागा केली. "आता मी बोलते, तू ऐक. तीन तुकडे गेले. जिना आणि सज्जा मॉडेलमध्ये एक आणि रस्त्यावर दुसरा. समितीने दोन्ही शेजारी ठेवून बघितलं असतं तर उद्याचं 'पहिल्या रेघेपासून' खोटं पडलं असतं. म्हणून ते कापले. मोडतोड झाली की नवे तुकडे लावायला निमित्त मिळतं. सकाळी तूच म्हणालास, जशा इमारती आहेत तसे करून घेतो. कुणी केलं याची तुला उत्सुकताच नव्हती."

साहेब पुन्हा मान वर करून छताकडे बघायला लागले.

"पण तिसरा तुकडा कापायची गरजच नव्हती. हे छत मॉडेलमध्येही सरळ आणि इथेही सरळ. ते बदललंय असं समजून कुणीतरी कापलं. कोण समजेल असं? कातर रोज इथे उभा राहून डोकं भाजून घेतो. फोटोवाल्याने मागच्या आठवड्यात फोटो काढले, आणि त्याला तर लिफाफाही फाडता येत नाही. ही पोर इथे भांडून हरली. नकाशावर वळण पाहिलेला आणि इमारत कधीच न पाहिलेला माणूस एकच आहे. तू तुझा स्टँड आज पहिल्यांदा बघतोयस, राजा."

"उद्घाटनाला मला ताप होता," साहेब म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच ते कसं ऐकू आलं कोण जाणे, त्यांनी चेहरा हातात घेतला. "कातरचं नाव मी घेतलं नाही, आत्या."

"पण दुसऱ्याने घेतलं तेव्हा खोडलंही नाहीस. तुकडे कुठायत?"

"माझ्या कपाटात. वेगवेगळे, मऊ कागदात गुंडाळून. टाकवले नाहीत."

"दादा," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मशीनवाल्याला वळणाचं छत करायला सांगितलंस? मग त्याला आधी थांबव. उद्या समितीतला एखादा माणूस इथूनच बस पकडून घरी जाईल."

तिघांपैकी आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण साहेबांचं हसू लवकर ओसरलं. "उद्या मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"ते मला कुठे माहीत?" आत्या उठल्या. "मी कारण शोधून देते. डागडुजी मालकाने करायची असते."

सात

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कातरला पुन्हा बोलावून घेतलं, सगळ्या ऑफिससमोर तिन्ही पुडकी त्याच्या हातात दिली आणि कापल्याचं कबूल केलं. कातरने जिना उजेडात धरून बघितला.

"कापलंय बरं," तो म्हणाला. "गुंडाळलंयही बरं. तेवढी काळजी माझी घेतली असती तर बरं झालं असतं." आणि तो सरस गरम करायला ठेवून कामाला लागला. जुनेच तुकडे, जुन्याच जागी.

दुपारी समिती आली. साहेबांनी काल पाठ केलेला कागद बाहेर काढलाच नाही. जे दाखवलं ते दाखवलं, कमी बोलले. चहा झाला. निघता निघता कॉलेजच्या मुख्य बाई सहज म्हणाल्या, "तुमचा मॉडेलवाला सोमवारपासून आमच्याकडे येतोय. काल इथे काही मोडतोड झाली म्हणे? फोटो काढणारा गृहस्थ खाली सांगत होता."

कातर भिंतीशी उभा होता, हातावर सरसाचे डाग. आत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

साहेबांनी समितीकडे एकदा बघितलं. इतक्या दिवसांची धडपड होती ती.

"मोडतोड मी केली, बाई," ते म्हणाले. "त्याने ती दुरुस्त केली. हा मॉडेलमधला जिना माझा आहे. रस्त्यावर तुम्ही जो बघता तो माझ्या बहिणीचा. सज्जाही तिचाच. ते दिसू नये म्हणून मी कापलं, आणि आळ त्याच्यावर येऊ दिला."

समितीतल्या एका गृहस्थांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. ते चांगलं की वाईट, कुणाला कळलं नाही.

मुख्य बाई वाचनालयाच्या मॉडेलपाशी वाकल्या. तो अरुंद, खडा जिना त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्या कातरकडे वळल्या. "सोमवारी सकाळी लवकर या. पोरं कटर कसंही धरतात." आणि ताईला म्हणाल्या, "हा जिना तुम्ही का बदललात?"

ताईला घाम फुटला. तिने ओढणीने तो टिपला. "बाई, या जिन्यावर… म्हणजे तिथे उभी होते मी, तेव्हा एक मुलगी आली होती. वाचनालय सुरूच झालं नव्हतं, नुसती माती होती, तरी ती मातीवर बसून वाचत होती. इथे सांगून नाही कळायचं. तिथेच दाखवते."

"चला मग," बाई म्हणाल्या.

समिती उठली. ताई पुढे, मागून बाकीचे, जिन्याबद्दल आताच वाद घालत. साहेब ओट्याशी तसेच उभे होते. रुग्णालय आलं की गेलं, त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोयही उरली नव्हती.

कातरने दार धरून ठेवलं.

"चला साहेब," तो म्हणाला. "तुम्हीही एकदा बघून घ्या."